तिसऱ्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

जानकी रिकाम्या फ्लॅटच्या फरशीवर बसली ती उठेचना. पाय पसरले, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले. फ्लॅट दाखवायला आलेला विनीत गोंधळला. अजून स्वयंपाकघर दाखवायचं राहिलं होतं.

"काकी, पाणी आणू?"

"नको रे. तू सांग, मी आयकतंय."

विनीत सांगत सुटला. मालवणच्या भर बाजारात अशी जागा शोधून मिळायची नाही. खाली भाजीवाले, समोर दवाखाना, एसटी स्टँड हाकेवर. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट. गच्चीवर सौर पॅनल, त्यामुळे विजेचं बिल नावापुरतं. खिडक्या समोरासमोर, वारा आरपार, पंखासुद्धा भर दुपारीच लागेल. आता जागा छोटी आहे, पण...

"केर काढूक किती येळ लागात?" जानकीने मध्येच विचारलं.

"हयचो केर?" विनीत ऑफिसची मराठी विसरला. "काकी, झाडू हातात घेतलात काय संपलो!"

जानकी हसली, डोळे न उघडताच.

दारात उभे असलेले परशुराम मात्र हसले नाहीत. ते तिचे दीर. बायको मथुरा हिला घेऊन डोंबिवलीहून मुद्दाम आले होते. वहिनी फ्लॅट घेतेय म्हटल्यावर तिघा दिरांत फोनाफोनी झाली होती. पैसे तिच्या स्वतःच्या नोकरीचे, तेव्हा त्यावर कोणाला तोंड उघडता येईना. पण मसुऱ्याच्या वडिलोपार्जित घरात देव आहेत ना! गणपतीत अख्खं खानदान तिथे उतरतं, मोदक खातं आणि हात झाडून मुंबईची गाडी पकडतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मागे वर्षभर दारातलं खळं झाडायचं, झाडांचा गळलेला पातेरा गोळा करायचा, पावसाआधी माणसं लावून कौलं परतून घ्यायची आणि तिन्हीसांजेला देवाला दिवा लावायचा, ते सगळं जानकीने. नवरा गेल्यापासून एकटीने. दिवा चुकायला नको म्हणून सख्ख्या बहिणीकडे तिला एक रात्र राहता आलं नव्हतं. ती दमली होती. इतकी साधी गोष्ट, पण कोणाला सांगून पटत नव्हती.

"वैनी, जागा बरी आसा," परशुराम म्हणाले. "पण देवाक दिवो कोण लायतलो?"

"तुमी सांगा."

"आमचा सगळा थय मुंबयत..."

"मगे?"

वहिनीशी वाद घालून निभाव लागायचा नाही हे कळलं, तेव्हा परशुरामांनी देवाला मध्ये घातलं. पिशवीतून घरचा नारळ काढला, फरशीवर ठेवला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज आमची वैनी तुझा घर सोडून हय रवाक बगता हा!"

"व्हय म्हाराजा," मथुरा पुटपुटली. गाऱ्हाणं चाललं की हजर असतील त्यांनी होय म्हणायचं, हा रिवाजच. होय म्हटलं की देवाच्या कानावर गेलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

"तिका सुबुद्धी दी, आणि तिका परत तुझ्या पायाकडे हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे विनीत बोलला. बोलल्यावर त्याने जीभ चावली. आपलंच गिऱ्हाईक आपण परत पाठवतोय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

जानकीने डोळे उघडले. भिंतीला धरून ती उठली, पदर सारखा केला आणि नारळासमोर येऊन उभी राहिली. बाईने गाऱ्हाणं घालायची त्यांच्या घरात रीत नव्हती. परशुराम काही बोलणार, तोवर तिने हात जोडलेसुद्धा.

"बा देवा म्हाराजा!" आवाज चढा नव्हता, दमलेलाच होता. "तुझी चाकरी मी केलंय. तापान फणफणत होतंय तेव्हाय दिवो चुकवूक नाय."

"व्हय म्हाराजा," मथुरा म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने.

"आता माझे गुडघे चलनत नाय. कंटाळलंय मी. खोटा कित्याक सांगू, तुझोय कंटाळो इलो माका."

असलं गाऱ्हाणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. खाली बाजारात एक रिक्षावाला कोणाला तरी शिव्या घालत होता.

"तीन दीर आसत माझे, धडधाकट. हेच्या फुडे तुझी सेवा तेंच्या हातान करून घे, आणि माका सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खोली दणाणली. आवाज परशुरामांचा होता.

शिमग्याला, जत्रेला, गणपतीला, कळायला लागल्यापासून त्यांनी 'रे म्हाराजा'ला दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि तोंडातून निघून गेलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मथुरा त्यांच्याकडेच बघत होती. तिने ओठ घट्ट दाबून धरले होते, तरी हसू डोळ्यांत आलंच.

"तसा नाय गो... मी आपला..." परशुराम चाचरले.

"आता काय! देवान आयकल्यान," मथुरा म्हणाली. "परत घेवक येवचा नाय."

परशुराम नारळाकडे बघत राहिले. तो उचलावा की तसाच ठेवावा, त्यांना समजेना. एवढा मोठा माणूस, चेहरा पार उतरला होता. जानकीला त्यांची दया आली. तिने वाकून नारळ उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"घाबरा नकात, भावजी," ती म्हणाली. "वर्षभराच्यो वाती वळून ठेवलंय. तेलाची बाटली देवाच्या मागे आसा."