पिवळा पट्टा

"आधी तुमची गाडी ठेवा, मग मी माझ्या गाडीवरचं कापड काढतो," जुन्या गाड्या हुडकणारा प्रुइट म्हणाला.

व्हर्ननं कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत वीतभराची हिरवी स्लॉट कार होती. नाकावर सतराचा आकडा, पुढच्या डाव्या चाकाच्या वर पिवळा पट्टा. लाकडी ट्रॅकच्या खाचेत अडकवून हातातला घोडा दाबला की वीज मिळायची आणि ती सुसाट सुटायची. चौदा वर्षांचा असताना व्हर्ननं ती थोरल्या भावासाठी, लाइलसाठी केली होती. काचेसारखं आरपार दिसणारं कवच घेऊन ते आतल्या बाजूनं रंगवायचं, म्हणजे कितीही आपटलं तरी रंग जात नाही. महिनाभर तो त्यातच बुडालेला होता. शाळेत दोन विषयांत आपटला तो त्यापायीच.

खरी, शर्यतीची गाडी लाइलची. विस्कॉन्सिनमधल्या याच शर्यतीच्या ट्रॅकवर, जिथं ते आज आले होते, त्यानं ती तीन उन्हाळे पळवली, पाळणा हलणार म्हणून विकून टाकली आणि पुढं जन्मभर हळहळला. कुठं जुनी गाडी निघाली असं कानावर आलं, की हा निघालाच बघायला. सापडली नाही ती नाहीच. फोटो होते, तेही तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाले. सात वर्षांपूर्वी जाताना त्यानं बायकोला एवढंच सांगितलं होतं, "आर्लीन, ती सापडली तर एकदा तिच्यावर हात फिरव. माझ्या वतीनं."

आता आर्लीनला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ती व्हर्नचं कोपर धरून उभी होती. शेजारच्या तंबूतून भाजणाऱ्या सॉसेजचा धूर येत होता.

"काय रे, काही खायला घालणार आहेस की नुसतीच उभी करणार मला?"

"आधी गाडी, मग सॉसेज."

"साठ वर्षं थांबलेय मी. आता भुकेनं मेले तर पाप तुझ्या डोक्यावर!"

चेष्टा करत होती खरी, पण व्हर्नचं कोपर तिनं घट्ट आवळलं होतं.

प्रुइटनं कापड ओढलं.

व्हर्न एक पाऊल पुढं सरकला. तोच गर्द हिरवा रंग. तोच वाकडा आरसा, तीच बुटकी काच, डाव्या चाकाच्या वर तोच पिवळा पट्टा. इतकी वर्षं लाइलची गाडी आठवायची म्हटलं, की त्याच्या डोळ्यांपुढं ही वीतभराचीच यायची. आज तीच मोठी होऊन समोर उभी होती.

"आयोवात एका गोठ्यात पडली होती," प्रुइट सांगत होता. "गंजून चाळण झालेली. नंबरची पाटीसुद्धा उरली नव्हती. पण मला आतून वाटत होतं. तुमच्या घरी आलो होतो ना हिवाळ्यात?"

आला होता. ॲपल पाय दोनदा मागून घेतला होता आणि आठवण म्हणून छोट्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून नेले होते. भला माणूस, असं व्हर्न तेव्हाच म्हणाला होता.

"कागद नाहीत, पाटी नाही," प्रुइट म्हणाला. "तुम्हा दोघांचा शब्दच काय तो पुरावा. तुम्ही हो म्हणालात की दुपारी सगळ्यांसमोर हिच्यावर लाइलचं नाव लागेल."

व्हर्ननं छोटी गाडी हातात घेऊन मोठीला एक पूर्ण चक्कर मारली. कुठं तसूभर फरक नाही.

"हीच!" तो म्हणाला. "डोळे मिटून सांगतो, हीच."

भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्न चक्क रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"लाइल असता तर म्हणाला असता, बघ उलटराव, सापडली शेवटी!"

"उलटराव?" प्रुइट हसला.

"लहानपणी माझी स्लॉट कार दर वळणावर खाचेतून उडून उलटी पडायची. त्यावरून चिडवायचा लेकाचा."

आर्लीन गालातल्या गालात हसली.

"आणि तुम्ही ट्रॅकच्या कडेला, गाड्या थांबतात त्या पिटमध्ये असायचात ना, बाई?" प्रुइटनं तिला विचारलं.

"असायचे म्हणजे काय! स्टॉपवॉच घेऊन भिंतीला टेकून उभी. सात-आठ हिरव्या गाड्या एकदम यायच्या, पण लाइलची एक फेरी चुकवली असेन तर शपथ."

व्हर्ननं तिला पुढं नेलं आणि तिचा हात धरून हळूच पत्र्यावर ठेवला. तिनं तळवा फिरवला. तिचा चेहरा एकदम कोवळा झाला.

"हे डावं चाक," व्हर्न म्हणाला. "आणि तुझ्या बोटांखाली आहे ना, तो पिवळा पट्टा."

"डावीकडे?"

"डावीकडेच. माझ्या गाडीवर आहे तस्साच."

हात थांबला. तिकडे प्रुइट लाइलच्या नावाची पाटी घेऊन येत होता. आर्लीननं पत्र्यावरून हात उचलला आणि व्हर्नची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"इथं पिट गाडीच्या उजव्या हाताला असतो, व्हर्न," ती त्याच्या कानात म्हणाली. "एवढ्या हिरव्या गाड्यांतून लाइल ओळखू यावा म्हणून तो पट्टा मी माझ्या हातानं रंगवला होता. उजव्या बाजूला. तू कवच आतून रंगवलंस, तिथं तुझं उजव्याचं डावं झालं, आणि तीच चूक या गाडीवरही आहे. पोरगं महिनाभर खपलंय, त्याला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती लाइलनं मला. तुला काय वाटलं, तो तुला उलटराव का म्हणायचा?"