हे जेवले की

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भडगावला माहेरी आलेल्या कोकिळाला बायकांनी झोक्यापाशीच घेरलं. "दिवाळीत केवढी होतीस! अशी निम्मी कशी झालीस गं?" एकीला डाएट हवं होतं, दुसरीला गोळीचं नाव.

"काही नाही," कोकिळा म्हणाली. "आमचे हे जेवले, की मगच मी जेवते."

"अव बाई, आम्ही बठ्ठ्या तेच करतस!" कुंदाबाई खदखदून हसल्या. "मंग आम्ही काब्र जाड्या?"

सगळ्या हसल्या. कोकिळाही हसली.

तिचा नवरा प्रेमराज दिवाळीपासून धुळ्याला दुसऱ्या बाईच्या घरी राहत होता. सासरी चाळीसगावला परतल्यावर तिनं नेहमीसारख्या दोघांच्या भाकरी थापल्या, त्याचं ताट वाढून झाकलं आणि शेजारी बसून राहिली. सकाळी दोघांच्याही भाकरी दारच्या गाईला घातल्या.