घरी काय काय दिलं?

"घरी काय काय दिलं, ते सगळं सांगा. लाज बाळगू नका," डॉक्टर मकबूल पडद्यापलीकडून पुन्हा म्हणाले.

उदगीरच्या दवाखान्यात बायकांच्या खोलीला जाड पडदा होता. घरंदाज बाई आत, डॉक्टर बाहेर, असा तेव्हाचा रिवाज. त्यांनी बाहेरून विचारायचं आणि रोग्याजवळ बसलेल्या बाईनं आतून सांगायचं. खाटेवरच्या चंद्रप्रभेचा आवाज तर आता कुजबुजीच्या पलीकडे जातच नव्हता. जवळ बसलेली बाई होती महादेवी. तिची सवत. अहमदपूरच्या तहशिलीतले पेशकार अमृतराव यांची थोरली बायको.

सवत म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. खुद्द अमृतरावांचेही टवकारले होते. काल चंद्राचं सात महिन्यांचं मूल पोटातच गेलं. मुलगा होता. तेव्हापासून ते महादेवीकडे बघतही नव्हते. व्हरांड्यात डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं होतं, "हिनंच काहीतरी चारलं असंल. हिच्याच हातचं खाऊन राहिली ती."

महादेवीनं ते ऐकलं. पण रडत बसायची ती वेळ नव्हती. डॉक्टर स्पष्ट बोलले होते. न थांबणाऱ्या ओकाऱ्या, हातापायांना मुंग्या, ही विषाची लक्षणं. एखाद्या घरगुती औषधातून गेलं असावं. पारा, सोमल, बचनाग, एकेकाचा उतारा वेगळा. नेमकं काय ते कळलं तर पोरगी वाचेल. अंदाजानं काही टोचलं तर काळीज बंद पडायचं. आणि आजचा दिवस असाच गेला तर मग विचारूनही उपयोग नाही.

महादेवीनं काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. शतावरीचा कल्क सांगितला, हकिमाचा माजून सांगितला, सुइणीनं दिलेली मुळी सांगितली. शेजारच्या बेगमबीनं दर्ग्यातून आणलेली उदी आपण पाण्यातून पाजली, तेसुद्धा सांगितलं. हे अमृतरावांना ठाऊक नव्हतं. पडद्यामागून त्यांचं रागीट खाकरणं ऐकू आलं. येऊ दे. पोरगी जगली तर शिव्या खायला अख्खा जन्म पडलाय.

डॉक्टर एकेक गोष्ट खोदून विचारत. रंग कसा, वास कसला, आणखी कुणी घेतलं का. मग म्हणत, "हे नव्हे. आणखी आठवा."

महादेवी आठवत राहिली. चंद्रा तिनंच पसंत करून आणलेली, जळकोटची आईवेगळी पोर. स्वतःची कूस उजवली नाही म्हणून नवऱ्याच्या मागे लागून तिनंच हे लग्न लावलं होतं. अमृतरावांनी तेव्हाच चारचौघांत शब्द दिला होता की पहिलं मूल थोरलीच्या ओटीत घालायचं, ते तिलाच आई म्हणेल. चंद्रानं मान खाली घालून हो म्हटलं होतं. दिवस गेल्यावर तर तिनं थोरलीवर केवढी माया केली! जेवणं उरकली की अक्काचे सांधे दुखतात म्हणून स्वतः दूध तापवायची, साखर घालून पेला हातात आणून द्यायची. अवघडलेल्या पोटानं चुलीशी बसू नकोस म्हणून महादेवी रागवायची, पण ती ऐकेल तर शपथ.

इथं महादेवी घुटमळली. आता सांगायची ती गोष्ट औषध नव्हती, आणि चंद्राला कळलं तर ती रुसणार होती. पण सगळं सांगा म्हटल्यावर सगळं सांगायला हवं.

"एक राहिलं, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "ही दवा न्हाई. माझ्या वाट्याचं दूध मी रोज हिच्या खिरीत घालत होते, हिला कळू न देता. दोन जिवांची बाई, माझ्याहून हिला गरज. दुसरं काई न्हाई, देवाशपथ."

पलीकडे डॉक्टरांनी उसासा टाकला. दुधानं कुणी मरत नाही, असं थकल्या आवाजात म्हणाले आणि अमृतरावांशी हलक्या आवाजात बोलू लागले.

चंद्राचे डोळे उघडले. "कोणतं दूध?"

"अगं, तू मला आणून द्यायचीस ते. तुझी पाठ वळली की तुझ्याच खिरीत ओतायचे. रागवू नको, माय."

चंद्राच्या तोंडावरचं उरलंसुरलं रक्तही गेलं. तिनं महादेवीचं मनगट धरलं. एवढा जोर तिच्यात शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. महादेवीनं कान तिच्या ओठांशी नेला.

"त्यात सोमल होता, अक्का. मीच घालत होते, थोडा थोडा. माझं लेकरू तुमच्या ओटीत द्यायचं नव्हतं मला." तिला धाप लागली. "त्यास्नी सांगा. सोमल म्हणून सांगा. मला मरायचं न्हाई."

महादेवी तशीच वाकून राहिली. त्या पोराला काल तिनंच धुतलं होतं, तिनंच पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं. आपली तर आई व्हायची वेळ गेली, निदान त्याची तरी आई जगावी, म्हणून ती सकाळपासून बाहेरच्यांपुढे पदर पसरत होती. आणि ती खीर तिनं रोज स्वतःच्या हातानं ढवळली होती.

पडद्यापलीकडे खुर्ची सरकली. "बाई, काही बोलली का ती?" डॉक्टरांनी विचारलं. "कशाचं नाव घेतलं का?"

चंद्रा आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होती. महादेवीनं मनगट हळूच सोडवून घेतलं. पोरीच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले.

"न्हाई, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "पाणी मागायली."