भिंतीकडे वळवलेला वाडगा

लादिदी कानो शहरात सासरी तापाने वारल्याचा निरोप आला, आणि पाठोपाठ तिच्या लग्नातली इनॅमलची उतरंड रीतीप्रमाणे माहेरी परत आली. खोलीत नुसती शोभेला मांडायची भांडी ती, त्यांत कुणी जेवतसुद्धा नाही. तरी मोठ्या वाडग्याचा टवका उडालेला. तिची आई हन्सातू तो टवका रोज भिंतीकडे वळवून ठेवायची. सकाळी तो पुन्हा समोर असायचा.

आज जावई, लादिदीचा नवरा, आला. सासूपुढे मान खाली घालून म्हणाला, "आई, आता धाकट्या तलातूचं लग्न माझ्याशी लावून द्या. भांडी काय, आहेतच की घरातली."

हन्सातूच्या पाठीमागे वाडगा करकरला. जावयाने मान वर केली. टवका त्याच्याकडे वळला होता. तो मागे सरकत ओरडला,



"लादिदी, रागात फेकला होता गं... तुला लागावा म्हणून नव्हता!"