गाडीनेच जाऊ

चिंगीने टीव्हीवरच्या खेळात नकाशा उघडला आणि बाण डोंगरावरच्या किल्ल्याच्या खुणेवर नेऊन ठेवला. आता एक बटण दाबलं की काम झालं. पडदा क्षणभर काळा होणार आणि समोर किल्ल्याचा दरवाजा.

“थांब,” ताई म्हणाली. “घोडागाडीने जाऊ.”

चिंगीला ते अजिबात पटलं नाही. बंदरापासून किल्ल्यापर्यंत गाडीने जायचं म्हणजे नुसता वैताग. सगळे नकाशावरून थेट उडी मारूनच जातात, कालपर्यंत ताईही तेच करत होती. शिवाय आजारी राजाला औषध पोचवायचं, तर घाई नको का करायला? पण ताई हट्टालाच पेटली. जंगल बघू, पूल बघू, वाटेत कुणी भेटलं तर बोलू. बोलता बोलता तिने टीव्हीचा आवाज हळूच वाढवला.

बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. जेवणं उरकल्यापासून आई-बाबा तिथेच होते. मधूनच बाबांचा आवाज चढायचा आणि मधेच तोडल्यासारखा थांबायचा.

चिंगीने तोंड वाकडं करत गाडी जुंपली. खडीवरून चाकं खडखडायला लागली. बंदर मागे पडलं. एका वळणावर ताईने मुद्दाम गाडी थांबवायला लावली आणि समुद्र बघ म्हणाली. चिंगीने बघितल्यासारखं केलं. पुढे लाकडी पूल आला, त्याच्या फळ्यांचा इतका दणदणाट झाला की ताईला जरा हायसं वाटलं. पूल लांबलचक असता तर बरं झालं असतं.

पूल संपला आणि गाडी झाडीत शिरली. तिथे पालापाचोळ्याचा रस्ता. चाकांचा आवाज एकदम विरला. नेमके त्याच वेळी दारापलीकडून बाबांचे शब्द स्पष्ट आले.

“थोरली माझ्याकडे राहील. तिचं कॉलेज इथेच आहे. धाकटीला तू घेऊन जा.”

ताईने चिंगीकडे बघितलं. चिंगी रस्त्यावरची नजर न हलवता गाडी हाकत होती. तिने रिमोट उचलला.

“आवाज आणखी मोठा नको करूस,” चिंगी म्हणाली. “कान दुखतात.”

“बरं.”

“आणि मला माहितीये. परवा आई फोनवर मावशीला सांगत होती.”

आपण हिला सांभाळून घेतोय असं ताई मघापासून समजत होती. आणि ही कार्टी दोन दिवस सगळं पोटात ठेवून नीट जेवत होती, शाळेत जात होती, भांडतही होती.

“मग मला का नाही सांगितलंस?”

चिंगीने खांदे उडवले. “तुला वाईट वाटलं असतं.” मग म्हणाली, “म्हणून मला उडी मारायची होती. किल्ल्यानंतर एकच लढाई उरलीये. एकत्र आहोत तोवर दोघींनी मिळून खेळ पूर्ण करायचा होता.”

झाडी विरळ झाली. वर किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले. ताईने चिंगीच्या हातावर हात ठेवला.

गाडी चढ चढून दरवाजापाशी आली, तेवढ्यात इकडे खोलीचं दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती. तोंड नुकतंच धुतलेलं, पण डोळे लाल ते लालच.

“दोघी जरा बाहेर या. आम्हाला बोलायचंय तुमच्याशी.”

“थांब ना, पोचतोय,” चिंगी म्हणाली.

पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा उघडत होता. पहारेकऱ्यांनी भाले बाजूला केले. चिंगीने लगाम खेचला आणि गाडी वळवली. घोडे आल्या वाटेने उताराला लागले.

आई नुसती पडद्याकडे बघत राहिली.

बाहेरच्या खोलीतून बाबांनी हाक मारली.

मग आई आत आली. दार लावून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर दोघींच्या मधे जागा करून बसली.

“कुठे चाललाय गं तुम्ही?” तिने विचारलं.