मळेवाल्या साहेबाची पोरगी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात केनवडला तंबूतला सिनेमा आला. चहाच्या मळ्याचा मालक असलेल्या गोऱ्या साहेबाची पोरगी मळ्यातल्या मजुराच्या प्रेमात पडते, साहेब तिला घराबाहेर काढतो, त्याची बायको खिडकीतून नुसती पाहत राहते आणि पोरगी दारातच मरते. त्या परक्या पोरीसाठी अख्खा तंबू रडला.

"बाप होय का दुश्मन?" घरी जाताना प्रयागबाईनं साहेबाच्या नावानं बोटं मोडली. "पोरगी मेली, पण दार नाई उघडलं मेल्यानं!"

"अन् ते माय? मी तिची माय असती, तं नवऱ्याले ढकलून पोरीले घरात घेतलं असतं," पंचफुला तणतणली. "तुळसाबाई, तू काहून गुमान हायस वं? तुले नाई आवडला सिनेमा?"

तुळसाबाईची लेक भागिरथा वावरातल्या बौद्ध सालदाराशी लग्न करून कारंज्याला गेली, तेव्हा तिच्या बापानं जित्या लेकीची तेरवी घातली होती.



त्या पंगतीत या दोघी पोटभर जेवल्या होत्या, आणि त्यांना आग्रह करकरून वाढत होती ती तुळसाबाईच.