मनगटावरची पट्टी

भिजवलेल्या शर्टाच्या बाहीतून पांढरी चिकटपट्टी निघाली. विजयमालाने ती हलक्या हाताने सोडवून बादलीच्या कडेवर सरळ केली. शाई पक्की होती. वरच्या दोन ओळी वाचता आल्या. दहा, दीक्षा, कप्तान, लांब वेणी. चार, नम्रता, डावखुरी. पुढचा भाग गुंडाळून घट्ट चिकटला होता.

पट्टी तिच्या ओळखीची होती. तिचे यजमान दत्तप्रसाद अठरा वर्षं फुटबॉल खेळले, तेही बचावफळीत. समोरच्या संघातल्या कुणाला मोकळं सोडायचं नाही, ते सामन्याआधी डाव्या मनगटावर पट्टी लावून लिहून ठेवायचे. मुलींच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि पट्टी सुटली. गेल्या दिवाळीपासून पुन्हा सुरू झाली होती. रात्री झोपताना ते स्वतःच काढून टाकायचे. आज सरावाहून आल्यावर घाईने शर्ट बदलून क्लबच्या बैठकीला गेले, म्हणून ती बाहीतच राहिली.

पण ही नावं समोरच्या संघातली नव्हती. दीक्षा तर सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली खेळत होती.

नाव लिहिलेलं काही केरात टाकायचं नाही, हा विजयमालाचा नेम. तिने पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवली. हात पुसते तोच बेल वाजली.

दारात दीक्षाच उभी. येरवड्याहून स्कूटरवर आली होती. पाणी प्यायली, पण बसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे संघ कोल्हापूरला निघायचा होता. अठरा मुली, चार दिवस, आणि बरोबर मोठं माणूस एकच, ते म्हणजे सर. त्यांची भरलेली बॅग दाराशीच होती. दीक्षा त्या बॅगेकडे बघत बोलत राहिली.

सर हल्ली डोक्याने चेंडू घेऊच देत नाहीत. दुसऱ्या क्लबची माणसं कुंपणापाशी उभी राहून म्हणतात, पुण्यात डोकं वापरायला बंदी असलेला हा एकच क्लब. ते जाऊ दे. पण सोमवारी सरांनी अकराच्या जागी बारा जणी मैदानात उतरवल्या. आणि काल तिला तीनदा उत्तरेश्वर म्हणून हाक मारली.

"काकू, उत्तरेश्वर कोण?"

उत्तरेश्वर म्हणजे दत्तप्रसादांच्या शेजारी उभा राहणारा दुसरा बचावपटू. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. विजयमालाला ते दिवस आठवले. उंचावरून आलेला चेंडू दत्तप्रसाद कपाळाने परतवायचे आणि लोक शिट्ट्या मारायचे. घरी आले की खोलीत अंधार करून पडून राहायचे. ती त्या कपाळावर ओली घडी ठेवायची आणि मनातल्या मनात जप करायची.

"मी क्लबात अजून कुणाला बोलले नाहीये," दीक्षा म्हणाली. "बोलले तर सरांना नेणार नाहीत. उद्याही नाही आणि परत कधीच नाही. तुम्ही त्यांना घरात बघता ना काकू. तुम्हीच सांगा. आम्ही जाऊ त्यांच्याबरोबर?"

मैदान सुटलं तर हा माणूस कशावर जगेल, ते विजयमालाला पक्कं माहीत होतं. पण अठरा लेकी परक्यांच्या होत्या. तिने घरातला एकेक दिवस आठवून बघितला. आंघोळ, गोळ्या, पेपर, सगळं वेळच्या वेळी. संध्याकाळी दार उघडलं की ती "आलात?" म्हणायची. ते मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकायचे आणि म्हणायचे, "अगं, चहा टाक." सव्वीस वर्षांत तिने त्यांचं नाव घेतलं नव्हतं आणि त्यांनी तिचं. अहो आणि अगं, एवढ्यावर संसार झाला होता. त्यात चुकायला जागाच नव्हती.

आज संकष्टी होती. उपासाच्या दिवशी ती खोटं बोलत नसे, आणि हे खोटं नव्हतं.

"घरात एकदाही चुकले नाहीत," ती म्हणाली. "जा तुम्ही. मी सांगते ना."

दीक्षाचा चेहरा सैल झाला. दोन-दोन पायऱ्या उतरत ती गेली.

दिवेलागणीला पुन्हा बेल वाजली. देवापाशी वात लावून विजयमाला उठली आणि तिने दार उघडलं. "आलात?" तिच्या ओठांवर आलं होतं. पण दीक्षाचं बोलणं अजून डोक्यात घोळत होतं. ती काहीच न बोलता उभी राहिली.

दत्तप्रसादही उभेच राहिले. उंबरा ओलांडून आत आले नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका, डोळे फसवतात, असं ते मुलींना शिकवत. आता ते तिच्याकडे तसंच बघत होते, पुढची चाल कुठून येईल त्याचा अंदाज घेत. मग त्यांनी डावी बाही वर सारली. घड्याळ होतं. घड्याळाच्या वरची जागा कोरी होती. ती त्यांनी अंगठ्याने चोळली. पुन्हा चोळली.

विजयमाला खिडकीकडे गेली. पट्टी वाळली होती. नखाने उलगडत ती दारापाशी परतली आणि न वाचताच तिने ती त्यांच्या मनगटावर ठेवली. चिकटेना, म्हणून दाबून धरली.

त्यांनी मान वाकवली. ओठ हलवत एकेक ओळ वाचत गेले. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, तेव्हा तिनेही ती वाचली. घरी दार उघडेल ती बायको, विजयमाला. अगं म्हणायचं.

दत्तप्रसादांच्या चेहऱ्यावर ओळख आली. चपला काढत ते रोजच्याच आवाजात म्हणाले,

"अगं, चहा टाक."